सावली आहे, पाणी आहे, तरी नेच्यांची पानं का जळतात? (जळगाव)

परसदार (जळगाव) – ११ एप्रिल

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या घरामागे परस आहे, १४ बाय २० फुटांचा. घराच्या उत्तरेला असल्यामुळे तिथे घराचीच सावली असते. एका कोपऱ्यात कडुनिंब, दुसऱ्या कोपऱ्यात धुण्याच्या दगडावर पत्र्याची पडवी. फुलझाडं तिथे तगली नाहीत. मोगऱ्याला नुसती पानं येत राहिली आणि गुलाब दुसऱ्या वर्षी गेला. सावलीत आनंदाने वाढेल असंच काही लावावं म्हणून जानेवारीत नाशिकहून नेचे (फर्न) आणले: चार बोस्टन, एक बर्ड्स नेस्ट आणि एक हंसराज.

फेब्रुवारीपर्यंत सगळं छान होतं. सकाळी चहा घेऊन तिथे बसायची मला सवयच लागली होती. मार्च उलटला आणि हंसराज आठ दिवसांत पापडासारखा कुरकुरीत झाला. बोस्टनची बारीक पानं इतकी गळतात की रोज केरसुणी घेऊन बसते. बर्ड्स नेस्टच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्यात. सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, कुंड्या कधी सुकू दिल्या नाहीत. नर्सरीतून आलेल्या मातीवर घरची काळी मातीही घातली, म्हणजे ओल धरून राहील.

मला खरंच हे नेचे वाचवायचे आहेत. खान्देशात नेचा होतो का? कुणी केला असेल तर सांगा.

भुसावळकर – ११ एप्रिल

होतो ताई. माझ्याकडे दोन बोस्टन पाच वर्षांपासून आहेत, पण घरात, कूलरच्या खोलीत. रात्री सविस्तर लिहितो.

केळीचा मळा (रावेर तालुका) – ११ एप्रिल

ताई, मी नेच्यांचा जाणकार नाही, केळी करतो. पण तुमचं वाचून जे वाटलं ते लिहितो.

तुम्ही पाणी मुळाला देताय आणि तहान पानाला लागली आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यात पश्चिमेचा गरम वारा सुटला की पानातलं पाणी ओढून नेतो, आणि मुळं कितीही ओली असली तरी तेवढं पाणी वर चढवू शकत नाहीत. केळीचं पान तर हाताएवढं जाड देठाचं, तेही या वाऱ्यात फाटतं आणि कडेने करपतं. म्हणून आम्ही लागवड करतानाच बागेच्या कडेला शेवरी किंवा गजराज गवत लावतो. त्याने सावली फारशी होत नाही, वारा मात्र अडतो. एवढ्याने आतली बाग वेगळी होते. मे महिन्यात बांधावर उभं राहा आणि मग चार ओळी आत जा, अंगालाच कळतं.

आईने हौसेने नेच्याच्या दोन कुंड्या आणल्या होत्या. अंगणात त्या मरायला टेकल्या. मी उचलून केळीच्या ओळीत ठेवल्या, ठिबकच्या नळीजवळ, खाली वाळलेल्या पानांचं आच्छादन. तिसरा उन्हाळा आहे, अजून हिरव्या आहेत. मी वेगळं काही केलं नाही, जागा बदलली.

तुमच्या परसात वारा कुठून येतो ते आधी बघा.

धुळ्याच्या बाई – १२ एप्रिल

परसदार ताई, मी ३१ वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि धुळ्याच्या घरी २० वर्षांपासून नेचे ठेवते. केळीचा मळा यांनी मुद्द्याला हात घातला आहे. त्यात मी तीन गोष्टींची भर घालते.

पहिली सावलीची. तुम्ही जी सावली बघून नेचे आणले ती जानेवारीची होती. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेला दिवसभर गडद सावली पडते. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. जळगाव २१ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत तुमच्या उत्तरेच्या परसात सकाळी आणि विशेषतः दुपारी चारनंतर तिरकं ऊन शिरत असणार. दुपारी साडेचारला परसात जाऊन कुंड्यांवर ऊन येतं का ते बघा. ज्यांच्या पानांची एकच बाजू जळली आहे त्यांना बहुतेक हेच झालं आहे.

दुसरी, काळी माती. ती काढून टाका, आजच. आपली रेगूर कपाशीला सोनं आहे, नेच्याला नाही. ओली असली की चिकट होऊन मुळांना हवा मिळू देत नाही आणि सुकली की भेगाळून बारीक मुळं तोडते. नेच्याची मुळं केसासारखी असतात आणि मातीच्या वरच्या चार बोटांतच पसरतात. त्यांना जंगलातल्या पालापाचोळ्यासारखं भुसभुशीत काहीतरी लागतं. मी दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग नदीची जाड वाळू घेते आणि तळाला विटेचे तुकडे व लाकडी कोळसा. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यायचं, त्यात क्षार असतात.

तिसरी तुम्हालाच तपासायची आहे. एक कुंडी आडवी करून नेचा मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. मुळांचा रंग आणि वास कसा आहे ते लिहा. आणि पाणी कुठलं घालता?

परसदार (जळगाव) – १२ एप्रिल

बाई, तुमचं वाचल्यावर साडेचारला परसात गेले. पश्चिमेच्या भिंतीवरून ऊन थेट दोन कुंड्यांवर येत होतं, आणि तेच दोन बोस्टन सर्वांत जास्त जळले आहेत. तीन महिने मी त्या जागेला सावली समजत होते.

मुलाचा थर्मामीटर घेऊन वेगवेगळ्या जागी ठेवून पाहिला. पत्र्याच्या पडवीखाली ४५, कडुनिंबाखाली ४१. पडवीखाली अंधार जास्त म्हणून हंसराज मी तिथेच ठेवला होता.

कुंडी उलटी केली. काळ्या मातीचा थर वर डांबरासारखा बसला होता. खालची मुळं काळी, हाताला बुळबुळीत लागणारी, आणि वास डबक्यासारखा. एका बाजूला थोडी तांबूस मुळं आहेत, ती ताठ आहेत. पाणी बोअरचं. आणि आता लिहायला वाईट वाटतं, पण कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही मी दर दोन दिवसांनी कुंड्यांनाच घालत होते. वाया जायला नको म्हणून.

भुसावळकर – १२ एप्रिल

ताई, कूलरच्या टाकीतलं पाणी लगेच बंद करा. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. कूलरमध्ये फक्त पाणी उडून जातं, क्षार टाकीत राहतात. आपण वरून परत बोअरचं पाणी ओततो, परत क्षार वाढतात. आठवड्याभरात ते पाणी बोअरपेक्षा कितीतरी जड होतं. पॅडवर जो पांढरा थर बसतो तोच कुंडीत जातो. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघतं त्याचंही तसंच, ते फरशी पुसायला घ्या. एसीचं ठिबकणारं पाणी मात्र चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

आता कूलरच्या खोलीबद्दल. तीन ओळी लक्षात घ्या. कूलरच्या झोतासमोर कुंडी ठेवायची नाही, झोतात पानं सतत हलतात आणि कडा सुकतात. खोलीच्या विरुद्ध कोपऱ्यात, खिडकीच्या उजेडाजवळ ठेवायची. आणि खोली अगदी बंद करायची नाही, कारण हवा खेळली नाही तर कूलर थंडही करत नाही आणि नेच्याला बुरशी धरते. माझे दोन्ही बोस्टन होळीपासून आखाडापर्यंत आत असतात, बाकीचे आठ महिने गॅलरीत.

धुळ्याच्या बाई – १२ एप्रिल

परसदार ताई, वाईट वाटून घेऊ नका. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, पान सुकतं, आणि सुकलेलं पान बघून आपण आणखी पाणी घालतो. सगळ्यांचं असंच होतं. ताठ तांबूस मुळं आहेत म्हणजे झाड जिवंत आहे.

काळी बुळबुळीत मुळं कात्रीने कापा. धुऊन नव्या मिश्रणात लावा. कुंडी मोठी घेऊ नका, आहे तीच किंवा एक आकार लहान. जळलेली पानं तळापासून काढा, अर्धी हिरवी असतील ती राहू द्या. खत अजिबात नको. मातीत बोटाचं एक पेर घालून बघायचं, ओल लागली तर पाणी नाही.

आता माझ्या मनातली गोष्ट सांगते. खान्देशात नेचा होतो का, असं तुम्ही विचारलं. तो इथे आधीपासून आहे. जुन्या बांधीव विहिरीत वाकून बघा. पाण्याच्या वर, दगडांच्या सांध्यांतून हंसराज लोंबतो. त्याच्या शेजारी लांब पात्यांचा आणखी एक असतो, त्याला शास्त्रात टेरिस विट्टाटा म्हणतात. (हाच नेचा जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, असं २००१ साली अमेरिकेत लक्षात आलं आणि तो जगभर गाजला.) बाहेर ४४ अंश तापलेलं असताना त्या विहिरीत हे दोघं हिरवेगार असतात. तिथे ऊन नाही, वारा नाही, खालून सतत ओलसर हवा वर येते, आणि मुळांपाशी पाणी साचत नाही कारण भिंत उभी आहे. तुमच्या परसात विहिरीच्या आतल्यासारखी जागा कुठे करता येईल, तेवढंच शोधायचं आहे.

परसदार (जळगाव) – १३ एप्रिल

बाई, विहिरीचं वाचलं आणि मामाचा अमळनेरजवळचा मळा आठवला. तिथे पायऱ्यांची विहीर होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं सगळ्यांत खालच्या पायरीवर बसायचो. भिंतीतून काळ्या तारेसारख्या देठाची नाजूक पानं बाहेर आलेली असायची, त्यांच्यावर पाणी उडवलं तरी ती ओली होत नव्हती, थेंब घरंगळून जायचे. तोच हंसराज होता हे मला आत्ता कळतंय. नाशिकहून पैसे देऊन आणला तोच.

पारोळेकरीण – १५ एप्रिल

मी खूप दिवसांपासून वाचते, आज पहिल्यांदा लिहिते. आमच्या वाड्यात मागच्या बोळात नेचा आहे, सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचा. कुणी काळजी घेत नाही. उन्हाळ्यात पार वाळतो, पावसात परत येतो. काल तुमचं वाचून मी उकरून पाहिलं तर मुळांना बोरांएवढे गोळे लागलेत, वर सोनेरी लव आहे. मला वाटलं कीड किंवा गाठींचा रोग. फेकणार होते. सासूबाई म्हणाल्या, “त्याले काही व्हत नही, ऱ्हाऊ दे.” हे गोळे काय आहेत?

धुळ्याच्या बाई – १५ एप्रिल

पारोळेकरीण, फेकू नका! सासूबाईंचं बरोबर आहे. ते कंद आहेत, त्यांत पाणी साठवलेलं असतं. एक कंद कापून बघा, आत पांढुरका, पाणीदार निघेल. सूत्रकृमी म्हणजे मुळांत शिरणारे बारीक किडे, त्यांच्या गाठी मुळाच्या आतच फुगलेल्या असतात आणि वेड्यावाकड्या असतात, हे गोळे बारीक दोरीच्या टोकाला लोंबतात.

तुमच्याकडे नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया आहे. दुकानात बोस्टन म्हणून विकतात तो नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटाचा प्रकार, १८९४ साली फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या झाडांत वेगळा उठून दिसला म्हणून ते नाव पडलं. त्याला कंद नसतात. पानं लांब, झुकणारी, दिसायला देखणी, पण साठा नाही. तुमच्या नेच्याची पानं अरुंद, ताठ, वर जाणारी असतील. खान्देशात नवीन माणसाने सुरुवात याच नेच्यापासून करावी असं माझं ठाम मत आहे. तो विकतही घ्यावा लागत नाही, एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जातो.

परसदार (जळगाव) – १५ एप्रिल

पारोळेकरीण ताई, मृगाच्या पावसानंतर मला चार-पाच कंद द्याल का? मी स्वतः येईन.

पारोळेकरीण – १५ एप्रिल

चार-पाच कशाला, टोपलीभर न्या. पारोळ्याला आलात की जेवूनच जा.

धुळेकर दादा – १८ एप्रिल

माझ्याकडे शतावरीसारख्या बारीक पानांचा फर्न आहे, गच्चीवर भर उन्हात, काही होत नाही. तोच लावा की सगळ्यांनी.

धुळ्याच्या बाई – १८ एप्रिल

दादा, तो छान आहे आणि तुमच्या गच्चीसाठी योग्यच आहे, पण तो नेचा नाही. बाजारात त्याला अ‍ॅस्परॅगस फर्न म्हणतात, तो शतावरीचाच भाऊबंद. त्याला बारीक पांढरी फुलं आणि नंतर लाल फळं येतात. नेच्याला फूल, फळ, बी कधीच येत नाही. त्याची काळजी नेच्यासारखी घेतली, म्हणजे गडद सावली आणि सतत ओल दिली, तर तो पिवळा पडेल. म्हणून फरक सांगितला.

सातपुडा भटक्या (शहादा) – २१ एप्रिल

पावसाळ्यात मी तोरणमाळला जातोच. तिथे ओढ्याकाठी हंसराज भरपूर. आणि खडकांच्या फटींत मोरशिखा मिळते, मोराच्या तुऱ्यासारखी पानं, उन्हाळ्यात गुंडाळी होऊन वाळते आणि पाऊस पडला की उलगडते. आपल्या हवेला तिच्यापेक्षा योग्य नेचा नाही. पाहिजे असेल त्यांच्यासाठी पिशवीभर घेऊन येईन.

केळीचा मळा (रावेर तालुका) – २१ एप्रिल

भाऊ, मन मोठं आहे तुमचं, पण आणू नका. मी पाल गावच्या जंगलात लहानपणापासून जातो. जिथे आधी ओढ्याची पूर्ण भिंत हिरवी असायची तिथे आता डाग डाग राहिलेत. लोक उपटून नेतात आणि घरी पंधरा दिवसांत मारतात.

धुळ्याच्या बाई – २१ एप्रिल

मीही हेच सांगणार होते. यावल, गौताळा ही अभयारण्यं आहेत, तिथून रोपं काढणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मोरशिखेची मुळं खडकाच्या फटीत इतकी आत असतात की उपटताना ती तुटतात, घरी येते ती मेलेलीच. वाळलेली मोरशिखा पाण्यात ठेवली की उलगडते, म्हणून जत्रेत विकतातही, पण ती परत रुजत नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना ती डोंगरावरच दाखवायचे, पाटणादेवीच्या वाटेवर. पहिल्या पावसाआधी एका तुऱ्याला खूण करून ठेवायची आणि पावसानंतर येऊन बघायची. ते बघितलेली मुलं अजून भेटली की त्याबद्दल बोलतात.

हवा असेल तर बीजाणू आणा, म्हणजे पानामागची बारीक धूळ, तिच्यातून नवा नेचा उगवतो. एका पिकलेल्या पानाचा तुकडा कागदाच्या पुडीत आणला तर झाडाला काही होत नाही. अभयारण्यात तेही परवानगीशिवाय नको. गावाच्या विहिरीतून आणा.

सातपुडा भटक्या (शहादा) – २२ एप्रिल

पटलं. पानं मोजून फोटो काढीन, उपटणार नाही. आमच्या गावच्या विहिरीत हंसराज आहे, सरपंचांना विचारून दोन पानं पुडीत ठेवतो.

परसदार (जळगाव) – २ मे

तुमच्या सगळ्यांच्या सल्ल्याने काय केलं ते लिहिते.

पत्र्याची पडवी सोडली. कडुनिंब आणि घराची भिंत यांच्या मधे जो कोपरा होतो तिथे जुना मातीचा रांजण होता, तांब्याचा हंडा आल्यापासून रिकामा पडलेला. तो धुऊन पाण्याने भरला. मातीचा असल्यामुळे तो बाहेरून सतत पाझरतो. त्याच्याभोवती विटा मांडल्या, विटांवर कुंड्या, एकमेकींना खेटून. विटांवर सकाळ-दुपार पाणी मारते, कुंडीत नाही. पश्चिमेला बांबूला ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या बांधून कूड केला, त्यावर ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी. बाहेर ४४ असताना रांजणापाशी ३७ दिसतं. मी रोज दुपारी तिथे हात लावून बघते, रांजणाला आणि विटांना.

बोस्टनपैकी एक गेला. दोघांची मुळं कापून लावली, एक बरा आहे. बर्ड्स नेस्टच्या मधल्या वाटीत मी पाणी घालत होते, ते बाईंनी फोनवर थांबवायला सांगितलं, कोंब कुजतो म्हणून. आता मातीतच कडेने घालते. पाणी एसीचं, शेजारच्या काकूंकडून कळशीभर मिळतं.

हंसराजच्या कुंडीत वर काहीच उरलं नाही. टाकून देऊ का?

धुळ्याच्या बाई – २ मे

मुळीच नाही. मातीखाली खोड आडवं असतं, ते बहुतेक जिवंत आहे. मेलेली पानं मातीलगत कापा आणि कुंडी रांजणाच्या अगदी पायथ्याशी ठेवा. ओल हलकीच. आणि हंसराजाला चुना चालतो, आवडतोसुद्धा, विहिरीच्या चुन्याच्या सांध्यांत तो उगाच वाढत नाही. जुन्या भिंतीचा चुन्याचा एखादा खडा मातीत टाका. बोस्टनला मात्र टाकू नका.

चाळीसगावचा एक – ५ मे

मी बारावीला आहे, वसतिगृहात राहतो. खोलीत पंखा आणि पत्रा, तरी माझा हंसराज हिरवा आहे, कारण तो गोळ्यांच्या मोठ्या काचेच्या बरणीत आहे. तळाला खडे, त्यावर कोळसा, मग माती, आणि झाकण. एकदा पाणी घातलं ते महिनाभर पुरतं. काचेवर सकाळी दव येतं ते परत खाली उतरतं. काच जास्तच धुरकट झाली तर एक दिवस झाकण उघडं ठेवतो. बरणीवर ऊन येऊ द्यायचं नाही, अर्ध्या तासात आत सगळं शिजतं. एकदा तसं झालं, दुसरं रोप लावावं लागलं.

ही युक्ती लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरची. १८२९ साली त्याने पतंगाचा कोश बाटलीत ओल्या मातीत ठेवला होता, त्यातून कोशाआधी नेचा उगवला. त्याच्या बागेतले नेचे धुराने मरत होते आणि बाटलीतला मात्र जगला. पुढे अशाच काचेच्या पेट्यांतून रोपं जहाजांवरून जगभर गेली. त्याच्याकडे धूर होता, आपल्याकडे झळा, एवढाच फरक.

भुसावळकर – ५ मे

शाब्बास रे पोरा. मी उद्याच बरणी शोधतो.

धुळेकर दादा – १९ मे

माझ्या बहिणीच्या नेच्याच्या पानांना मागच्या बाजूने तपकिरी ठिपक्यांच्या रांगा आल्यात. तिला दुकानदाराने खवले कीड सांगून औषध दिलं. फवारल्यावर तीन दिवसांत पानं काळी पडली. काय करावं?

धुळ्याच्या बाई – १९ मे

आता साध्या पाण्याने पानं धुऊन घ्या आणि काळी पडलेली कापून टाका. दुसरं काही फवारू नका.

दादा, ते ठिपके म्हणजे नेच्याच्या बीजाणूंचे पुंजके. सगळे एका मापाचे, शिरेच्या दोन्ही बाजूंना रांगेत असतात, आणि पानाच्या फक्त मागच्या बाजूला. खवले कीड देठावर, वर, खाली कुठेही, वेड्यावाकड्या अंतराने बसते, नखाने खरवडली की निघते आणि हाताला चिकट लागतं. फवारण्याआधी एवढं बघायला हवं. दरवर्षी किती निरोगी नेचे या एका गैरसमजाने जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. खरीच कीड असेल तरी आधी ओल्या कापडाने पुसा. निंबोळी तेलसुद्धा अगदी पातळ करून, एका पानावर लावून, चार दिवस थांबून मगच.

ज्यांना रोपं करायची आहेत त्यांच्यासाठी: ठिपके तपकिरी झाले की पान कागदावर पालथं ठेवा, दोन दिवसांत कागदावर कॉफीच्या पुडीसारखी धूळ पडेल. विटेचा तुकडा उकळत्या पाण्यात घालून थंड करा, बशीत ठेवा, बशीत उकळून गार केलेलं पाणी, विटेवर ती धूळ भुरभुरवा आणि वर काचेचा ग्लास पालथा घाला. काही आठवड्यांत विटेवर हिरवी साय धरेल. मग नखाएवढ्या, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या हिरव्या पाकळ्या दिसतील. त्या म्हणजे नेचा नव्हे, नेच्याची आधीची पिढी. त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर लागतो, कारण नेच्याचे पुंबीज (नर पेशी) पोहत जाऊन अंड्यापर्यंत पोचतात. त्यानंतर त्या पाकळीखालून पहिलं खरं पान येतं. चार-सहा महिने लागतात. घाई असेल त्यांनी हे करू नये.

केळीचा मळा (रावेर तालुका) – १२ जून

रात्री पाऊस झाला, चांगला दोन तास. नेच्यांच्या कुंड्या केळीतून काढून आईच्या ओट्यावर आणल्या. आता गोगलगायींवर लक्ष ठेवा, कोवळे कोंब एका रात्रीत खातात. मी रात्री नऊला बॅटरी घेऊन वेचतो.

पारोळेकरीण – १४ जून

वाड्यातल्या बोळात कोंब वर आलेत. परसदार ताई, रविवारी या.

परसदार (जळगाव) – २९ जून

जाऊन आले. पारोळेकरीण ताईंच्या सासूबाईंनी स्वतः खुरप्याने कंद काढून दिले, ओल्या फडक्यात बांधून. येताना बसमध्ये मांडीवर ठेवले होते. रांजणाच्या भोवती जमिनीतच लावले, पालापाचोळ्याचा हातभर रुंद वाफा करून.

बोस्टनना गुंडाळलेले कोंब आलेत, एकाला सात, दुसऱ्याला चार. तिसऱ्याला अजून काही नाही. खत कधी सुरू करू?

धुळ्याच्या बाई – २९ जून

नव्या पानांची पूर्ण उलगड झाली की. मूठभर गांडूळखत कडेने, नाहीतर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, आणि तेही ओल्या मातीवर. दिवाळीनंतर बंद. सध्या पत्र्यावरून येणारं पावसाचं पाणी पिंपात साठवा आणि पिंप झाकून ठेवा, डासांसाठी. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या, त्यात धूळ असते.

परसदार (जळगाव) – १७ जुलै

बाई, आज सकाळी रांजणाच्या पायथ्याशी विटांवर पाणी मारताना हंसराजची कुंडी दिसली. मे महिन्यापासून ती नुसती माती होती. मातीतून काळी तार निघाली आहे, शिवणाच्या सुईएवढी, आणि टोकाला मिटलेली पोपटी मूठ. हात न लावता बराच वेळ बसून होते. फोटो काढला पण त्यात नीट दिसत नाही, उद्या उलगडली की परत काढते.

धुळ्याच्या बाई – १७ जुलै

उद्या नाही उलगडणार, चार-पाच दिवस लागतील. कुंडी हलवू नका.